ब्रेकचं सोवळं

आमच्या शेजारच्या सेतुमाधव रावांच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट होतं. वरच्या फळीवर मान डोलावणारी तंजावूरची बाहुली, त्यांच्या मुलीला शाळेत मिळालेले दोन चषक आणि चंदनाचा हत्ती. खालच्या फळीवर, लाल मखमलीच्या तुकड्यावर, गाडीचे झिजलेले ब्रेक पॅड ओळीनं उभे करून ठेवलेले. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली रावांच्या जानव्याला बांधलेली असे.

आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा आईला त्या करपलेल्या वड्या वाटल्या. कुणी केल्या आणि अशा का जपून ठेवल्या, हे विचारावं की नाही या विवंचनेत तिचा चहा गार झाला. चहा कसला, कॉफीच. राव मामांच्या घरात चहाचं नावही निघत नसे.

त्यांना मी मामा म्हणायची, कारण मद्रासमध्ये पश्चिम मांबळमच्या आमच्या गल्लीत सगळी मुलं सगळ्या वडीलधाऱ्यांना मामा आणि मामीच म्हणत. आम्ही साताऱ्याचे, बाबांच्या बँकेच्या नोकरीमुळे इथे आलेले. मामा तंजावूरचे मराठी, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इथे आलेले. आईला त्यांच्या बोलण्यातलं निम्मं कळायचं नाही. ती म्हणायची, हा माणूस पोथी वाचल्यासारखा बोलतो आणि मधेच तमिळमध्ये खोकतो. मला मात्र ते बोलणं बरं वाटायचं. माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी तमिळ, मराठी फक्त घरात, त्यामुळे बोलताना मी नेहमी एखाद्या शब्दापाशी अडून राहायची. मामा अडत नसत. मराठी शब्द नसला तर तमिळ घालत, तमिळ नसला तर कचेरीतलं इंग्रजी, आणि पुढे जात.

पुढे जात, हे फक्त बोलण्यात. गाडीत बसल्यावर त्यांचं सगळं लक्ष थांबण्याकडे असे.

सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी एक छोटी लाल गाडी घेतली. तोपर्यंत त्यांनी सायकलच्या साखळीलाही हात लावलेला नव्हता. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मात्र त्यांनी कचेरीतल्या नियमावलीसारखं वाचलं. अधोरेखित केलं, समासात शंका लिहिल्या. सगळं पुस्तक वाचून त्यांनी एकच निष्कर्ष काढला, तो ते भेटेल त्याला सांगत. "चालवायला कोण्हीही चालवील, अम्मा. थांबवणं ही विद्या." अम्मा म्हणजे मी; तिकडे मुलीलाही लाडानं अम्मा म्हणतात.

म्हणून ब्रेकचे पॅड ते स्वतः घरी बदलत. वर्षातून एकदा, गरज असो वा नसो. गाडीचं बाकी काहीही बिघडलं की कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये. आवाज येतो, धूर येतो, दार लागत नाही, जा गॅरेजमध्ये. ब्रेकला मात्र परक्याचा हात लागायचा नाही.

त्यांच्या पत्नी कमला मामी अतिशय सोवळ्याच्या. तिकडे सोवळ्याला मडी म्हणतात. मामींची मडीची साडी उंच काठीवर वाळत असे आणि तिच्या सावलीतूनही आम्ही जपून जायचो. लोणच्याच्या बरणीला त्यांच्याशिवाय कुणी शिवायचं नाही. मामांना मात्र यातलं काही नव्हतं. ते कोपऱ्यावरचा कांद्याचा वडा उभ्यानं खात, देवळात जाताना मामींना दारापर्यंत सोडून स्वतः गाडीत वर्तमानपत्र वाचत बसत, आणि मडीच्या चटईवर बसून मामींचा दिवस बिघडवत. पण वर्षातून एक दिवस सगळं उलट होई.

त्या दिवशी मामा पहाटे डोक्यावरून स्नान करत. धुवट पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसत. लक्षात घ्या, गाडीच्या कामाला पांढरी वेष्टी. अंगणात गाडीभोवती खडूनं रेघ आखत आणि त्या रेघेच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. मग पाटावर बसत आणि समोर केळीचं पान मांडत. पानावर डावीकडे वर, जिथे मीठ वाढतात तिथे, छोट्या क्लिपा. कोशिंबिरीच्या जागी बोल्ट. भाताच्या जागी, मधोमध, कागदात गुंडाळलेले नवे कोरे चार पॅड. त्यांचा कागद शेवटच्या क्षणी सुटायचा. कारण पॅडच्या तोंडाला तेलाचं किंवा ग्रीसचं बोट लागलं की तो बाटला. बाटलेला पॅड चाकामागची फिरती चकती नीट धरत नाही. पुस्तकात तसं लिहिलंच होतं, फक्त 'बाटला' हा शब्द मामांचा.

मामी ओसरीवर भाजी निवडत हा सोहळा बघत. त्या नवऱ्याशी थेट बोलत नसत, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं दुसऱ्याशी बोलत. दुसरी बहुधा मी असायची. "बघ गो. देवास मडी नाही. ब्रेकास मडी."

मामा चाकाचे नट सैल करत, मागच्या चाकांना विटा लावत, जॅकवर गाडी उचलत, आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःलाच "मेल्ल, मेल्ल" म्हणत. तमिळमध्ये मेल्ल म्हणजे हळू. एवढ्या मेल्लपणानं काम चाले की दोन चाकांना दुपार होई. शेवटी आत बसून पायानं एकवीस वेळा ब्रेक दाबायचा, कारण नवे पॅड घातल्यावर पहिल्या दाबाला पाय नुसताच खाली जातो. पुस्तकात 'काही वेळा' असं होतं. एकवीस हा आकडा मामांनी ठरवला होता.

मग परीक्षा. मामी काठोकाठ भरलेला कॉफीचा पेला पितळी डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ठेवून आणत. तो गाडीत काचेखालच्या फळीवर ठेवायचा. मामा गल्लीतून गाडी काढत आणि प्रत्येक घराच्या फाटकापाशी थांबवत. एकूण चौदा फाटकं. कॉफीचा थेंब डबऱ्यात सांडला तर नापास, पुन्हा चौदा फाटकं. नाही सांडला तर मामा चौदाव्या फाटकापाशी गाडी बंद करून ती गार कॉफी पीत आणि म्हणत, "नोटेड." कचेरीत फाइलवर ते हाच शेरा लिहीत असावेत.

त्यानंतर झिजलेल्या चारांतला एक पॅड कपाटात जाई. तोंड पुढे, पत्र्याची पाठ भिंतीकडे. मी एकदा कपाट उघडं असताना एक पॅड उलटा करून बघायला गेले, तर मामांनी तो इतक्या चटकन माझ्या हातून घेतला की मीच ओशाळले.

ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे त्या वर्षी मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते आणि मामींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मामी दोन वर्षं शस्त्रक्रिया टाळत होत्या. त्यांच्या एका चुलत बहिणीला इस्पितळातून घरी येताना रिक्षात धक्का बसला, डोळ्याचा टाका तुटला आणि तो डोळा गेला, हे त्यांनी ऐकलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, मुलीनं दिल्लीहून पत्रं लिहिली, माझ्या आईनं मोडक्या तमिळमध्ये धीर दिला. मामी हलेनात. शेवटी एका संध्याकाळी त्या माझ्याकडे तोंड करून, मामांना ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "सांग त्यांस. एक धक्का न लागतां घरीं आणतील तर जातें."

मामा वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "नोटेड."

मामी बुधवारी इस्पितळात गेल्या. गुरुवारी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना फक्त संध्याकाळी दोन तास जाता येई, म्हणून एक भाची तिथे राहिली होती. रविवारी चार वाजता सोडणार होते.

शुक्रवारी सकाळी मामांनी गाडी बाहेर काढली आणि तिसऱ्या फाटकापाशीच ब्रेक किंचाळला. मी खिडकीतून बघत होते. मामांचा चेहरा असा झाला की जणू देवळात त्यांचीच चप्पल वाजली. त्या वर्षी पॅड बदलायचे राहून गेले होते. दोन महिने ते मामींना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, डोळ्यांत थेंब घालत होते, मामी पाटावर बसून सांगतील तसा स्वयंपाक करत होते. नवे पॅड मात्र घरात आणून ठेवलेले होते.

तासाभरानं अंगणातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग मामांनी कुंपणापाशी येऊन मला हाक मारली. म्हणाले, जरा ये, बोल्ट धरायचा आहे. आठ वर्षांत खडूच्या रेघेच्या आत कुणालाही बोलावलं नव्हतं. मी गेले तेव्हा दिसलं की त्यांचे हात थरथरत होते. थोडेच, पण बोल्ट भोकात बसत नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत शुक्रवारी बायका डोक्याला तेल लावून न्हात. आईनंही ते मद्रासमध्ये आल्यावर उचललं होतं. त्या वेळी माझ्या डोक्यात वाटीभर तेल मुरत होतं आणि तासाभरानं मी न्हाणार होते. हे सांगून नाही म्हणता आलं असतं. पण मला नाही म्हणणं कधी जमलेलं नाही, आणि न्हाण्याबद्दल मामांशी बोलणं तर शक्यच नव्हतं. मी साबणानं हात धुतले, केसांचा घट्ट अंबाडा बांधला आणि गेले.

मामांनी विचारलं, हात धुतलेस? मी मान हलवली. मग ते सांगत गेले आणि मी करत गेले. खालचा बोल्ट काढला, पॅडांना धरणारा जड लोखंडी पंजा वर उचलून धरला, जुने पॅड ओढून काढले. किती झिजले होते! नख जेमतेम मावेल एवढा थर उरला होता. आतला दट्ट्या क्लॅम्पनं मेल्ल, मेल्ल मागे दाबला. नव्या पॅडचा कागद सोडला. त्याच वेळी एक बट सुटून डोळ्यावर आली, मी ती हातानं मागे सारली आणि पॅड उचलून जागेवर बसवला. बट मागे सारल्याचं मला तेव्हा आठवतसुद्धा नव्हतं.

एकवीस वेळा ब्रेक दाबला. कॉफी त्या दिवशी मामांनीच केली, ती फार कडू झाली असावी असा वास होता. पेला काचेखाली ठेवून ते निघाले. पहिल्या फाटकापाशी गाडी उजवीकडे ओढली गेली आणि कॉफी सांडली. दुसऱ्या फाटकापाशी पुन्हा. चौदापर्यंत डबराच भरला. मामांनी पुन्हा चौदा फाटकं केली. मग गाडी अंगणात आणून लावली, दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिले आणि त्या हातांकडे बघत म्हणाले, "मज आतां हें जमत नाही, अम्मा."

मी म्हणाले, बोल्ट तर मीच लावले. ते म्हणाले, सांगितलें तर मी. रविवारी टॅक्सी करतों. आणि खडूची रेघ पायानं पुसून ते आत गेले.

मी घरी येऊन न्हाणीघरात गेले, केस सोडले, शिकेकाई लावायला हात घातला आणि बोटं तेलानं चमकली. तेव्हा मला ती बट आठवली. पॅड बाटला होता, आणि तो मी बाटवला होता.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. मी केस धुतले, वाळवले, जेवले, संध्याकाळी मामा बसनं इस्पितळात गेले ते खिडकीतून बघितलं. गाडी असून ते बसनं गेले. मी मनातल्या मनात वाक्य तयार केलं, इंग्रजीत, कारण चूक कबूल करायचं शिक्षण मला शाळेत इंग्रजीतच मिळालं होतं. ते फार चांगलं वाक्य झालं होतं आणि मी ते कुणालाही म्हटलं नाही.

शनिवारी सकाळी मामा टॅक्सीवाल्याकडे जायला निघाले. हातात कापडी पिशवी, आणि गाडीकडे न बघता ते तिच्या शेजारून गेले. तेवढं मला पुरलं. मी धावत फाटकापाशी गेले. इंग्रजी वाक्य आठवलं नाही. अर्धं तमिळ, अर्धं मराठी, जे काही बाहेर पडलं ते असं होतं, "मामा, टॅक्सी नको. तुमचे हात नाही. माझं तेल. डोक्याचं."

ते माझ्या केसांकडे बघत राहिले. मला वाटलं आता माझं या घरात येणं संपलं. बाटलेल्या लोणच्याची आख्खी बरणी मामींनी गाईपुढे ठेवलेली मी पाहिली होती.

मामांनी विचारलं, कोणत्या चाकाचा? मी म्हटलं, डावीकडच्या. "डावीकडे धरलें नाहीं, म्हणून उजवीकडे ओढलें," ते पुटपुटले. त्यांनी आपले दोन्ही हात वर करून बघितले. थरथरत तर होतेच. तरीही ते असे हसायला लागले की समोरच्या घरातल्या मामी बाहेर आल्या. "तेल! अहो, निव्वळ तेल!" त्यांना त्यांनी तमिळमध्ये सगळं सांगितलं. पुढे दूधवाल्याला सांगितलं. मग पोस्टमनला. माझी चूक त्यांनी गल्लीभर अशा आनंदानं वाटली की मला लपायला जागा उरली नाही, आणि रागावलेलं कुणीच नव्हतं.

टॅक्सीची पिशवी घेऊन ते माउंट रोडच्या मागच्या बाजारातून नवे पॅड घेऊन आले. तोवर मला हुकूम होता. मी दुसऱ्यांदा न्हाले. केस पंचात गच्च बांधले, एक बटही दिसणार नाही असे. आई म्हणाली, तू श्राद्धाचा स्वयंपाक करायला निघालेली दिसतेस. अंगणात खडूची रेघ नव्यानं आखलेली होती, पाटावर मी होते आणि मामा रेघेच्या बाहेर उकिडवे बसून सांगत होते. त्यांनी पेट्रोलच्या फडक्यानं चकती पुसून घ्यायला लावली, तीनदा. या वेळी पॅडचा कागद सोडल्यावर त्यांनी श्वास रोखला. मीही.

चौदा फाटकं झाली. डबरा कोरडा होता. मामांनी कॉफीचा पेला मला दिला. ती भयंकर कडू होती. मी सगळी प्याले.

रविवारी भाचीला तिच्या गावाची गाडी पकडायची होती, म्हणून मी मामांबरोबर गेले. मामी बाहेर आल्या त्या डाव्या डोळ्यावर हिरवं झापड आणि उजव्यानं धुकं बघत. मामांनी मागच्या सीटवर उशा रचल्या होत्या. पुढे माझ्या मांडीवर कॉफीचा भरलेला पेला डबऱ्यासकट. परीक्षा चालूच होती. इस्पितळ ते मांबळम एरवी वीस मिनिटांचा रस्ता, आम्हाला सव्वा तास लागला. मागच्या बसनं हॉर्न वाजवून जीव खाल्ला, एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकताना खिडकीतून डोकावून पाहिलं, कोण आजारी आहे म्हणून. मामा ओठातल्या ओठात मेल्ल, मेल्ल म्हणत होते. मामी डोळे मिटून, हात मांडीवर जुळवून बसल्या होत्या.

घरापाशी गाडी थांबली. थांबली हे मलाही पेल्याकडे बघूनच कळलं. मामांनी इंजिन बंद केलं आणि मान मागे टेकली. गल्लीत कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. मागून मामी म्हणाल्या, "नंदिनी, त्यांस विचार. गाडी केव्हां सोडणार?"

मी वळून बघितलं. मामींचा चेहरा सरळ होता. फक्त झापडाखालचा गाल जरा वर गेला होता. रेडिओचा आवाज त्यांनाही येत होता, घरापुढच्या कडुनिंबाचा वासही येत असणार. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात मामांना थेट शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती.

मामांनी किल्लीला हात लावला. "सोडतों," ते म्हणाले, आणि खरोखरच गाडी पुन्हा चालू केली. गल्लीला एक पूर्ण वळसा घालून, चौदा फाटकं मागे टाकून, परत त्याच जागी आणून थांबवली. मामी या वेळी म्हणाल्या, "आलें वाटतें घर."

सोमवारी मामांनी मला बोलावलं. कपाट उघडं होतं. टेबलावर झिजलेला पॅड, पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश. त्यांचे हात नीट चालत नव्हते, म्हणून पाठीवर मी लिहायचं होतं. किती जागा सोडून लिहायचं ते कळावं म्हणून त्यांनी जुने आठही पॅड उलटे करून माझ्यासमोर मांडले. मला वाटलं होतं, मागे तारीख असेल, नाहीतर गाडी किती चालली ते. प्रत्येकावर कारकुनी इंग्रजी अक्षरांत एकच ओळ होती. कमला, तिरुपती. कमला, मायावरम, भावाचं लग्न. कमला, समुद्र, दोनदा. कमला, दातांचा डॉक्टर, आणि आइस्क्रीम. असे आठ.

नवव्यावर मी ते सांगतील तसं लिहिलं. कमला, इस्पितळ ते घर. मग त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला आणखी एक पॅड काढला. तो कोरा करकरीत होता, फक्त एका कोपऱ्यावर बोटाएवढा काळसर डाग. हाही, म्हणाले.

मी विचारलं, यावर काय लिहायचं?

"तुझें नांव," ते म्हणाले. "आणि शुक्रवार."

मी शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं. रंग वाळेपर्यंत मामांनी तो पॅड हात लांब करून धरला. हात थरथरत होता, त्यामुळे वाचायला त्यांना वेळ लागला. आतून मामींनी कुणाला तरी सांगितलं की कॉफी झाली आहे. मामांनी पॅड नवव्याच्या शेजारी ठेवला, पाठ भिंतीकडे करून, आणि किल्ली लावण्यासाठी जानवं माझ्या हातात दिलं.